मदत हवी आहे : मुळशी सत्याग्रहावरच्या पथनाट्यासाठी ओव्या

नमस्कार मंडळी. आम्ही मुळशी तालुक्यातली कॉलेजची नऊ मुलंमुली मुळशी सत्याग्रहावर पथनाट्य बसवतोय. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या धरणात जमिनी जाणार म्हणून मावळे, म्हणजे इथले शेतकरी, त्या दिवशी बांधकाम थांबवायला निघाले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. सेनापती बापटांबद्दल शाळेत चार ओळी तरी वाचल्या होत्या, पण पाण्याखाली गेलेल्या गावांबद्दल एकही नाही. आम्हाला तीच गोष्ट सांगायची आहे.

या लढ्यात बायाही होत्या, तुरुंगातही गेल्या. त्यांचा आवाज नाटकात यावा म्हणून जात्यावरच्या ओव्या शोधतोय. तुमच्या आजी-पणजीच्या तोंडी गाव सुटल्याची, बुडालेल्या शेताची, देवळाची एखादी ओवी असेल तर चालीसकट रेकॉर्ड करून पाठवाल का? अर्धीच आठवत असली तरी चालेल. आम्ही आधी स्वतःच चाल लावून पाहिली, ती तालमीत अगदी उपरी वाटली.

शिवाय, त्या काळी मावळातल्या शेतकरी बायका लुगडं कसं नेसत, अंगावर दागिने कुठले असत? घरात जुना फोटो असेल तर फारच उत्तम.

पहिला प्रयोग येत्या रामनवमीला करायचाय.