भूक कोण ठरवतं: जनुकं की सवयी?

जुनंखोड: माझ्या मते चयापचयाच्या हार्मोनांचा बराचसा हिशेब जनुकं आधीच मांडून ठेवतात. लठ्ठपणाचे संशोधक क्लोद बुशार यांचा 1990चा प्रयोग घ्या. एकसारख्या जुळ्यांच्या 12 जोड्यांना 84 दिवस रोज 1000 किलोकॅलरी जादा दिल्या. कुणी 4.3 किलो वाढलं, कुणी 13.3. जोडीतली भावंडं मात्र बरीच बरोबरीनं वाढली. जादा खाणं सगळ्यांना सारखंच, मग फरक आला कुठून?

उलटतपासणी: त्या 24 जणांत वजन न वाढलेला एकही नव्हता, ते सोयीस्कर गाळलंत. वाढवलं अन्नानं, किती, ते जनुकांनी ठरवलं. शिवाय सगळ्यांना एकच आहार दिला की उरलेला फरक जनुकांच्याच नावावर पडणार. अनुवंशिकतेची टक्केवारी म्हणजे एका समूहातल्या फरकांची वाटणी. 'माझं 70 टक्के वजन जनुकांमुळे' या वाक्याला काही अर्थ नाही.

जुनंखोड: आणि लेप्टिनच्या, म्हणजे चरबीतून निघून मेंदूला 'पुरे' सांगणाऱ्या हार्मोनच्या, जनुकातच दोष असेल तर? जन्मवजन नॉर्मल, पण तान्हेपणापासून न शमणारी भूक, रक्तात लेप्टिन जवळपास शून्य. रोज लेप्टिनचं इंजेक्शन दिलं की भूक आटोक्यात येते. तिथे आहारतक्ता काय करणार?

उलटतपासणी: काही नाही, मान्य. पण अशी मुलं अतिदुर्मीळ. नेहमीच्या लठ्ठपणात लेप्टिन चरबीच्या प्रमाणात वाढलेलंच असतं, मेंदूच त्याला दाद देत नाही. म्हणून मोठ्या माणसाला 'लेप्टिन तपासून घ्या' सांगणं बहुतेक वेळा फुकट. चरबी जास्त आहे हे कंबरेची टेपही सांगते.

नमुनाकुपी: मध्येच बोलते. पाचव्या वर्षाआधी तीव्र लठ्ठपणा आणि अनावर भूक असेल, तर फक्त लेप्टिन तपासून थांबू नका. एमसीफोरआर या, मेंदूत भूक आवरणाऱ्या जनुकातला दोष त्यात सापडत नाही, जनुकचाचणीच लागते. आणि असा दोष लेप्टिनच्या दोषापेक्षा कितीतरी जास्त आढळतो.

उलटतपासणी: आता झोप बघा. 2004च्या एका प्रयोगात दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं. दहा तासांच्या तुलनेत लेप्टिन 18 टक्के घटलं, घ्रेलिन, म्हणजे भूक वाढवणारं हार्मोन, 28 टक्के वाढलं. जनुकं तीच, माणसंही तीच.

जुनंखोड: 12 तरुण पुरुष, दोन रात्री! त्यावरून वर्षभराच्या वजनाबद्दल काय बोलणार?

उलटतपासणी: वजनाचा दावा मी केलाच नाही. शिरेतून ग्लुकोज ठरलेल्या वेगानं चालू होतं, म्हणून तो फरक कमी-जास्त खाण्याचा नव्हता, एवढंच.

नमुनाकुपी: हे वाचून कुणी घ्रेलिन तपासायला निघालं असेल तर थांबा. त्याचं सक्रिय रूप नळीतच झपाट्यानं मोडतं. रक्त लगेच थंड करून त्यात विघटन रोखणारं रसायन घातलं नाही, तर आकडा खोटाच कमी येतो.