ग्रेट निकोबारचं जंगल तोडून झाडं हरियाणात, ही भरपाई कशी काय?

लातूरचा_पोरगा
एमपीएससीच्या नोट्स काढायलोय अन् एका ठिकाणी गाडी अडकलीय. ग्रेट निकोबारला गलाथिया खाडीत मोठं बंदर, विमानतळ, टाउनशिप होणार म्हणून 130 चौ.किमी.च्या वर जंगल जाणार, सरकारनंच संसदेत 9.64 लाख झाडांचा अंदाज दिलाय, आणि बदल्यात झाडं लावणार हरियाणात. आमच्या लातुरात तर जंगल शोधून सापडत नाही, मग कुठंही लावली तर वाईट काय? खरंच विचारायलोय, राजकारण नको.

किनवटकर
झाडं मोजून नाही कळत हे राव. तिथं मेगापोड नावाचा कोंबडीएवढा पक्षी आहे, तो अंड्यावर बसतच नाही, किनाऱ्यालगतच्या जंगलात वाळू अन् पालापाचोळ्याचा ढीग घालतो, अंडी त्यात पुरतो, पाला कुजून जी ऊब येते तिच्यावर पिल्लं निघतात (आपला उकिरडा आतून गरम असतो ना, तसंच). 2004 च्या त्सुनामीनं आधीच लई मारलंय त्याला. निकोबार सोडून जगात कुठंच नाही तो. आपल्याकडं बिबट्या निदान उसात तरी शिरतो, बेटावरचा जीव कुठं जाणार, पुढं समुद्रच.

रोखठोक_बीड
बंदर पण लागतंच की. मलाक्काची सामुद्रधुनी तिथून जवळ, आपले कंटेनर कोलंबो नाहीतर सिंगापूरला उतरवून पुढं जातात. आणि सरकार म्हणतंय अंदमान-निकोबारच्या जंगलापैकी 1.82 टक्केच जाणार, तेही टप्प्याटप्प्यानं. एवढा बोभाटा कशाला?

पैठण_पक्षीमित्र
1.82 टक्के कशाचे ते बघा ना दादा, सगळी बेटं धरून काढलेत. एकटं ग्रेट निकोबार साधारण 910 चौ.किमी., त्याचा हिशोब केला तर सातवा हिस्सा होतो. अन् जागा कुठली, तर ऐन किनाऱ्याची. लेदरबॅक कासव त्याच गलाथियाच्या वाळूत अंडी घालतं, तिथलं अभयारण्य 2021 ला डिनोटिफाय करून टाकलं, म्हणजे अभयारण्याचा दर्जाच काढला. शोंपेन लोकांचं, म्हणजे तिथल्या जंगलातल्या आदिवासींचं काय, त्यावर तर कुणी धड बोलतच नाही.

लातूरचा_पोरगा
ओके, पटायलंय. पण हरियाणाच का?

किनवटकर
अंदमानात आधीच बहुतेक जमीन जंगलाखाली, मग अशा ठिकाणची भरपाई दुसऱ्या राज्यात करायला नियमात सूट आहे. हरियाणात झाडं लावली तर हरियाणाचं भलंच होईल, त्याला कोण नाही म्हणतंय, पण ती जगली तरी त्यांच्यात मेगापोड यायचा नाही. मेन्सला हेच लिही. अन् प्रिलिमसाठी, मेगापोड अन् लेदरबॅक दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल 1 मध्ये आहेत.