चोर्ल्याच्या तिन्ही अंगांना रान एकच, मग गावांची एक भागीदारी का नको?

केरीकर

मी गोव्यातल्या केरी-सत्तरीचा. काजूची बागायत आहे, थोडं कुळागर, म्हणजे सुपारी-माडाची बाग, आहे. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले, आठवतं ना? पाणी ओतायला नौदलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. आमच्या अंगणातून रात्री डोंगरावर लाल रेघ दिसायची. नंतर चोर्ल्याकडचा एक ओळखीचा भेटला. म्हणाला, वरून आम्हाला धूर आधीच दिसत होता, पण कळवायचं कुणाला? त्याचं रान बेळगावच्या वनखात्याकडे, माझं गोव्याच्या. मध्ये फक्त एक घाट.

तेव्हापासून डोक्यात एक गोष्ट घोळते आहे. म्हादईचं पाणलोट क्षेत्र २०३२ चौरस किलोमीटर. त्यातलं १५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात, ७७ महाराष्ट्रात. म्हादई अभयारण्य १९९९ चं, पलीकडे खानापुरात भीमगड, अलीकडे दोडामार्गात २०२० पासून तिळारीचं राखीव क्षेत्र. कागदावर तीन नावं, जमिनीवर एकच रान. गवे, अस्वलं, पट्टेरी वाघ, सगळे त्यातच फिरतात. आपण मात्र तीन राज्यांत वाटलेलो, आणि काजूला भाव मिळेना की तिघेही आपापल्या सरकारकडे तोंड करून बसतो.

माझं म्हणणं एवढंच. केरी, मोर्ले, पर्ये, सुर्ला अशी सत्तरीतली काही गावं, वरची चोर्ला-पारवाड-कणकुंबी, आणि दोडामार्गातली विर्डी, तळेखोल. यांच्या ग्रामसभांनी मिळून भागीदारी करावी. फेब्रुवारी ते मे वणव्यावर सामाईक पहारा. काजू बी एकत्र गोळा करून एकाच भावाने विकायची. पावसात धबधब्यांवर जी झुंबड उडते तिच्याकडून पार्किंगचे पैसे घेऊन ते रानातच खर्चायचे. यासाठी २००२ चा बहुराज्यीय सहकारी संस्था कायदा आहे, नाहीतर शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते. बोला.

डिचोलीकर

बोलतो. केरीकर बाब, तुम्ही भले माणूस दिसता म्हणून सरळ सांगतो: हे होणार नाही, आणि होऊ नये.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या. परत सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजं रद्द झाली. आमच्या भागात घरोघर ट्रक उभे होते, हप्ते थकलेले. त्या दिवसांत एक संस्था आली. नाव घेत नाही. पर्यायी उपजीविका, गावांची भागीदारी, हेच सगळे शब्द होते. आम्ही सह्या केल्या. मधमाशांच्या पेट्या मिळाल्या, टोप्या मिळाल्या, फोटो निघाले. पहिल्या पावसात माश्या उडून गेल्या आणि साहेबही. पेट्या अजून माझ्या गोठ्यात आहेत, कोंबडी अंडी घालते त्यात. आमच्या सह्यांचं पुढे काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि कर्नाटकाबरोबर भागीदारी? म्हादईच्या कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी वळवायला बसलेत ते. २०१० मध्ये लवाद नेमला, २०१८ मध्ये निवाडा आला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, आम्हा गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. तिन्ही राज्यं अजून कोर्टात. वर केंद्राने २०२३ मध्ये 'प्रवाह' नावाचं प्राधिकरण काढून दिलंय. तिथे अधिकाऱ्यांचं पटत नाही, तर तुमचं-आमचं काय पटणार?

जांबोटीकर

डिचोलीकर, 'ते' म्हणजे नेमके कोण हो? मी खानापूर तालुक्यातला. घरात मराठी, शाळा मराठी, सरकारी कागद कानडीत. कळसाचे कालवे खणले ते कणकुंबीच्या माउलीच्या देवळाशेजारी. पाणी जाणार मलप्रभेत, तिथून धारवाड-हुबळीकडे. आमच्या वाट्याला काय? झाडं तुटली, खड्डे पडले, उन्हाळ्यात विहिरी आटतात त्या आटतातच. गोव्याच्या वर्तमानपत्रात आम्ही पाणीचोर आणि बेंगळुरात आम्ही सीमावाले.

राज्याशी भांडा, हक्काने भांडा. पण वणवा विझवायला उद्या तुमच्या बाजूला कुणी धावत आला तर तो धारवाडचा मंत्री नसेल, आमच्यातलाच कुणी गवळी असेल.

आणि ऊस विसरलात? धारबांदोड्याचा संजीवनी कारखाना २०१९ ला बंद पडला तेव्हा गोव्याचा ऊस कुठे आला? खानापूरला. तेव्हा कुणी सीमा विचारली नाही.

दोडामार्गवाला

केरीकरांच्या बोलण्यात एक गोष्ट राहिली: बोंडू, काजूचं रसाळ फळ.

आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये काजूखाली बोंडूंचा चिखल होतो. बी काढली की बोंडू फेकला. काही टेंपो भरून गोव्यात जातात, भाव तुमचा भाटीवाला, म्हणजे दारू गाळणारा, सांगेल तो. त्याच बोंडूची तुमच्याकडे हुर्राक होते, फेणी होते, फेणीला २००९ पासून जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं मानांकन, आहे, सरकार पावणी (लिलाव) करतं, परवाना देतं. तोच रस मी घरामागे उकळला तर मला पोलीस नेतील. डोंगर एक, झाड एक, आणि फळ एका बाजूला वारसा तर दुसऱ्या बाजूला गुन्हा.

तर भागीदारीत मला बोंडूचा ठरलेला भाव मिळणार असेल तर मी उद्या येतो. वणवा, बिबटा, पर्यटन ते नंतर बघू. पोटाचं आधी.

बाकी हत्तींनी ही भागीदारी कधीच केली आहे. २००२ च्या सुमाराला ते खानापूरकडून आमच्यात उतरले. माड, केळी, भात, सगळं वाटून खातात. २०२५ च्या सप्टेंबरात तो ओंकार हत्ती गोव्यातल्या पेडण्यात गेला, तेव्हा कुठे गोव्याला कळलं हत्ती म्हणजे काय. दोन राज्यांचे वनरक्षक हद्दीवर उभे राहून त्याला एकमेकांकडे ढकलत होते, म्हणे.

केरीकर

दोडामार्गवाला, बोंडूचं पटलं. पण इथे एक गाठ आहे आणि ती लपवून उपयोग नाही. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये जीआय मिळाला, कारण आफ्रिकेतून आलेली बी 'गोवा काजू' म्हणून रस्तोरस्ती विकली जात होती. वेंगुर्ला काजूला वेगळा जीआय आहे. तुमची-माझी बी एका पोत्यात भरली तर पोत्यावर कुठलं नाव लिहायचं? म्हणजे बी एकत्र विकण्याचं माझं गणित जरा कच्चंच होतं. पोती वेगळी, वजनकाटा आणि गोदाम एक, असं काही करावं लागेल.

डिचोलीकर, पेट्यांचं वाचून हसलो आणि मग हसू आवरलं. आमच्याकडेही तसल्याच योजनेतलं एक सोलर ड्रायर आहे. त्यावर कपडे वाळतात.

म्हापशेकर

बाहेरचा म्हणून विचारतो, राग मानू नका. या सगळ्याचे पैसे कोण देणार? शेवटी फिरून आमच्या करातून ना?

दोडामार्गवाला

म्हापशेकर, सकाळी नळ सोडलात त्यात तिळारीचं पाणी असतं. अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला ते कालव्याने येतं. धरण आमच्या तालुक्यात, बुडाली ती आमची गावं. खर्चात आणि पाण्यात गोव्याचा वाटा ७३.३ टक्के, करार १९९० चा. धरणग्रस्तांनी नोकऱ्या मागत वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि शेवटी एकरकमी पैशांवर मिटवलं गेलं. कालवा फुटला की तुमच्याकडे दोन दिवस टँकर आणि बातमी. वरचं रान राखणाऱ्याला त्या पाण्यातला एक पैसा येत नाही. तर तुम्ही बाहेरचे कसे?

म्हापशेकर

हे मला खरंच माहीत नव्हतं. पाणीपट्टीत रानासाठी दोन पैसे जादा द्यायला माझी ना नाही. पण ते थेट गावाला जातील याची खात्री द्या. पणजीमार्गे गेले तर गेलेच समजा.

वाळपईची बाय

पुरुष मंडळींचे धरण, लवाद, कोर्ट सगळं झालं असेल तर मी बोलू?

आमचा बारा बायकांचा गट आहे. सोलां (आमसुलं), फणसाचे पापड, आंब्याची साटं. माल करायला कुणाची भागीदारी लागत नाही, हातांना सवय आहे. अडतं ते विकताना. परवाना, लेबल, बारकोड, आणि दुकानदार तीन महिन्यांनी पैसे देतो. कणकुंबीच्या बायका आमच्यापेक्षा चांगली सोलां करतात, मी खाल्ली आहेत, पण त्यांचा माल आमच्या साखळी गावच्या बाजारात त्यांच्या नावाने येत नाही. मधला माणूस आणतो आणि गोव्याची म्हणून विकतो. तेव्हा बोंडूवाल्या भावाला सांगते, तुमच्यासारखेच आणखी आहेत.

माझा विरोध वेगळाच आहे. धबधब्याच्या पार्किंगवर मला पैसे नकोत. ते एकदा सुरू झालं की पुढच्या वर्षी भेळेची गाडी, त्याच्या पुढच्या वर्षी रिसॉर्ट. २०२३ मध्ये माणसं बुडाली म्हणून गोव्यात धबधबे बंद केले, तर लोक घाट चढून पलीकडच्या बाजूला जाऊ लागले. म्हणजे आमची घाण जांबोटीकरांच्या दारात. त्या वाटेवर कमाई करायला गेलात तर रान राखायचं म्हणून निघाल आणि बाटल्या वेचत बसाल. आमच्या सत्तरीतली बांबर-नानोड्याची निरंकाराची राय, म्हणजे देवराई, आजवर टिकली ती कुणी तिकीट लावलं म्हणून नाही. देवाची भीती होती म्हणून.

डिचोलीकर

बायने माझं निम्मं काम केलं. देवराईला संस्था लागली नव्हती.

जांबोटीकर

पण आता देवाची भीती पुरत नाही ना बाय. जमिनीचा भाव देवापेक्षा मोठा झाला. दोडामार्गात रबर कसं आलं? डोंगरच्या डोंगर साफ झाले. केरळातून आले ते लोक कष्टाळू, पण जमीन विकली ती इथल्याच माणसाने. आता दिल्लीवाले चोर्ल्यात बंगल्यांचे प्लॉट बघत फिरतात. एकट्याला मोह आवरत नाही. चार गावं मिळून 'विकायची नाही' म्हणाली तर थोडं बळ येतं. सत्तरीतल्या मेळावलीने आयआयटीला नको म्हटलं आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली, ते गाव एक होतं म्हणूनच ना?

एक-चौदा नसलेला

मेळावलीचं नाव निघालं म्हणून लिहितो, नाहीतर नुसता वाचत होतो.

मेळावली का पेटली? आयआयटी नको म्हणून नव्हे हो. बापजाद्यांनी कसलेली जमीन एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्यावर, त्यांच्या नावावर नाही म्हणून. सत्तरीत अर्ध्याअधिक घरांची हीच गत. कागदावर जमीन मोकासदाराची (जुन्या इनामदाराची), सरकारची, नाहीतर वनखात्याची. मी काजू लावले, माझ्या बापाने लावले, आणि कागदावर मी कुणीच नाही. तुमची ती सहकारी संस्था सभासद कुणाला करणार? उतारा मागणार ना? म्हणजे भागीदारी होईल ती जमीनवाल्यांची, आणि मी तिथे मजूर.

वन हक्क कायदा २००६ चा. गोव्यात दहा हजारांच्या आसपास दावे आले, आणि किती वर्षं पडून राहिले ते आमच्याकडे घरोघर विचारा. त्यात जुलै २०२३ मध्ये हायकोर्टाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून सांगितलं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि आमच्याकडे पुन्हा अफवा, आता उठवणार. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला चार वाघ विष घालून मारले गेले. वाईट झालं, मी समर्थन करत नाही. पण ज्याची गुरं वाघाने खाल्ली त्याला भरपाईसाठी किती हेलपाटे पडतात हेही कुणीतरी लिहा. नावावर जमीन असलेला माणूस वाघाला भीत नाही. न असलेला वाघाच्या नावानेच घाबरतो.

आधी हक्क. मग रान, मग धंदा. उलट्या क्रमाने आलात तर मी विरोधात.

केरीकर

याला माझ्याकडे उत्तर नाही. माझा स्वतःचा एक-चौदा आहे, म्हणून ही गोष्ट मला सुचली नाही, हेही कबूल करतो.

पण तोवर थांबायचं का? दावे निकाली निघायला आणखी किती पावसाळे जातील कोण जाणे. वणवा फेब्रुवारीत येणारच, आणि तो उतारा बघून जाळत नाही. बायचं म्हणणं मानून पार्किंग सोडलं. जीआयची गाठ सुटेपर्यंत काजूही बाजूला ठेवू, बोंडूच्या भावाचं तेवढं भाटीवाल्यांशी बोलू. संस्था, कंपनी काही नको. सह्याही नकोत. जानेवारीअखेर केरीपासून चोर्ल्याच्या जुन्या पायवाटेने जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, साफ करूया. वरून जांबोटीकरांची माणसं, खालून आम्ही. वनखात्याला आधी कळवू, नाहीतर आपल्यावरच केस व्हायची. प्रत्येक गावाचे दोन फोन नंबर एका कागदावर. बस.

डिचोलीकर

सह्या नाहीत म्हणता? मग कोयता घेऊन येतो. गोठ्यातली एक पेटीही आणतो, दाखवायला.

वाळपईची बाय

जेवण आमच्याकडे. पत्रावळी आणू, प्लास्टिक नको.

एक-चौदा नसलेला

ती पायवाट माझ्या काजूंमधून जाते. वनखात्याच्या परवानगीने तिथे जाळरेषा काढली की उद्या ते म्हणणार, बघा, जमीन आमची होती म्हणूनच यांनी आमची परवानगी मागितली. माझा दावा त्याच तुकड्यावर आहे. विचार केलात का याचा?

केरीकर

नव्हता केला. पत्रात तसं स्पष्ट लिहू की परवानगी आगीपुरती, मालकीचा प्रश्न खुला. मसुदा तुम्हालाच दाखवतो. त्याआधी येत्या रविवारी तुमची हद्द दाखवा, मी येतो चालत. नाला ओलांडून पलीकडच्या काठाने रेषा नेता येते का ते बघू.

एक-चौदा नसलेला

रविवारी या. सकाळी लवकर या, नंतर ऊन लागतं. नाल्यापलीकडे खडक आहे, तिथून रेषा जाईलसं वाटत नाही, पण बघू.