मदत हवी आहे: नवऱ्याचा जेनेटिक रिपोर्ट आला, पण उन्हाची काळजी महिनाभरच टिकली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहूनच टाकते.

माझा नवरा खूप गोरा, लालसर केसांचा, दंडा-खांद्यांवर तपकिरी ठिपकेच ठिपके. उन्हात गेला की काळवंडत नाही, सरळ लालबुंद होतो आणि दोन दिवसांनी सालपटं निघतात. सासऱ्यांना मेलॅनोमा (कातडीचा एक घातक कॅन्सर) दोनदा झाला, आतेसासूबाई स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेल्या, या दोन गोष्टी एकत्र ऐकल्यावर डॉक्टरांनीच टेस्ट सुचवली आणि सीडीकेएन२ए नावाच्या जीनमध्ये दोष निघाला.

तो आठवडा कसा काढला आमचं आम्हाला माहीत. लगेच सनस्क्रीन, रुंद काठाची टोपी, लांब बाह्यांचे शर्ट सगळं आणलं, महिनाभर नेमाने चाललं. आता टोपी दारामागच्या खुंटीवर, ट्यूबच्या तोंडाशी क्रीम वाळून पापुद्रा धरलाय, आणि परवा तीन तास बागकाम करून आत आला तर मानेवर टीशर्टच्या गळ्याची लाल रेघ स्पष्ट उमटलेली. मी बोलले तर म्हणाला, "जीनमध्येच आहे ना, मग व्हायचं ते होणारच." हे वाक्य माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

धाकट्या दिराची टेस्ट निगेटिव्ह आली, तर त्याने सगळी काळजीच सोडून दिली, म्हणतो मी सुटलो. आणि आमची मुलगी १३ वर्षांची, वडिलांच्याच रंगावर गेलीये, तिची टेस्ट आत्ता करावी का? रिपोर्टमधला आकडा सारखा समोर ठेवून उपयोग होतो का, की माणूस उलट हातपाय गाळतो? ज्यांच्या घरी असं आहे त्यांनी प्लीज लिहा.

प्रतिसाद १: पिंपळपान

ताई, मी जेनेटिक काउन्सेलिंगच्याच कामात आहे, तुम्ही लिहिलेलं वाक्य आम्ही खूप वेळा ऐकतो. त्यांना एक गोष्ट नक्की सांगा. हा दोष असलेल्या घराण्यांचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये आला होता, त्यात वयाच्या ८० पर्यंत मेलॅनोमा होण्याची शक्यता युरोपात ५८ टक्के, अमेरिकेत ७६ आणि ऑस्ट्रेलियात ९१ टक्के निघाली. (ही आधीच बऱ्याच केसेस असलेली घराणी होती, म्हणून आकडे मोठे दिसतात, घाबरू नका.) जीन तोच, पण जागा बदलली की आकडा बदलतोय. सगळा फरक उन्हाचाच असं नाही म्हणणार, बाकीचे जीन्सही असतात, पण जीनने सगळं आधीच ठरवून टाकलंय असं असतं तर तिन्हीकडे एकच आकडा आला असता ना.

नुसता आकडा सांगून सवय बदलते का, तर बहुतेक वेळा नाही. २०१६ मध्ये बीएमजे या वैद्यकीय मासिकात १८ अभ्यास एकत्र करून पाहिले होते, सिगरेट, खाणंपिणं, व्यायाम, ऊन सगळं धरून, डीएनएचा धोका कळल्याने लोकांच्या वागण्यात काही खास फरक पडला नव्हता. पण अमेरिकेतल्या युटामध्ये तुमच्यासारख्याच घराण्यांवर काम झालंय, तिथे रिपोर्टबरोबर समोर बसवून नीट समजावून सांगितलं होतं आणि लोकांनी ऊन घेणं खरंच कमी केलं, ते मीटर लावून मोजलंय, नुसतं विचारून नाही. त्यामुळे रिपोर्ट हातात देऊन थांबू नका, दोघं मिळून काउन्सेलरकडे परत एकदा जा. स्वादुपिंडाच्या तपासण्यांबद्दलही त्याच वेळी विचारा, या जीनमध्ये तो विषय येतोच, आणि सिगरेट असेल तर ती आधी सोडायची.

प्रतिसाद २: रानवारा

आमच्या मोठ्या वहिनींकडे हेच आहे, तीन वर्षं झाली. आकडे कपाटात गेले, कामाला आला तो फोटो. स्किनच्या डॉक्टरांनी यूव्ही (अतिनील किरणांच्या) कॅमेऱ्याने चेहऱ्याचा फोटो काढला, वरून साफ दिसणाऱ्या गालांवर आत गडद डागांची रांगोळी दिसली. त्या दिवसापासून कुणाला सांगावं लागलं नाही.

आणि ट्यूब दाराजवळ ठेवू नका, ब्रशशेजारी ठेवा. बाहेर निघताना माणूस घाईत असतो, दात घासताना नसतो. तेवढ्याने रोजचा चेहरा, कान, मान, हात होऊन जातात, बागकामाला मात्र शर्ट-टोपीच पाहिजे आणि दर दोन तासांनी परत लावायचं. बागकामाची वेळही बदला, यूव्ही इंडेक्स (उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) ३ च्या खाली असतो तेव्हा, सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी. वहिनी दर महिन्याला पाठीवरच्या तिळांचे फोटो पट्टी शेजारी धरून काढून घेतात. एक तीळ चार महिन्यांत एका बाजूने पसरलेला त्यातच दिसला, वेळेत काढला.

प्रतिसाद ३: पिंपळपान

रानवारा, +१, फोटोचं अगदी बरोबर.

ताई, दिरांचं राहिलं होतं. निगेटिव्ह म्हणजे घराण्यातला तो एक दोष त्यांच्यात नाही, बस. गोरी कातडी, लाल केस हे एमसी१आर नावाच्या वेगळ्याच जीनकडून येतं आणि त्याचा धोका वेगळा असतो. त्यांनी "सुटलो" म्हणू नये.

मुलीला हा दोष असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. पण विचार करा, रिपोर्ट काहीही आला तरी तिच्या रंगाच्या मुलीला टोपी आणि सनस्क्रीन लागणारच आहे, मग घाई कशाला? ती मोठी होऊन स्वतः ठरवू दे. लहानपणी कातडी भाजणं जास्त महागात पडतं, तेवढं मात्र आजपासून सांभाळा.

प्रतिसाद ४: काजवा_

थोडं अवांतर, पण तुम्ही स्वतःलाही बघत जा. सावळ्या कातडीला मेलॅनोमा कमी होतो म्हणून उशिरा कळतो, आणि तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली येतो, ज्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. बॉब मार्ली १९८१ मध्ये गेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालच्या मेलॅनोमानेच. नखात नवी काळी रेघ दिसली तर दाखवून घ्यायची.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ते तीन आकडे नवऱ्याला वाचून दाखवले. बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, "म्हणजे बाबांनी शेतात टोपी घातली असती तर?" याला मी काय उत्तर देणार. पण आज सकाळी ट्यूबचं तोंड त्यानेच पुसून साफ केलं आणि ब्रशशेजारी ठेवली. काउन्सेलरची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळालीये, दिरालाही घेऊन जातोय. पिंपळपान, तिथे मुलीला सोबत न्यावं की आधी आम्ही दोघांनीच जावं?

प्रतिसाद ५: पिंपळपान

आधी तुम्हीच जा. तिला काय आणि किती सांगायचं तेही तिथेच विचारून घ्या.