दहा दिवसांची मंडळी : यजमान घरांचे अनुभव

चर्चच्या कामासाठी दहा दिवस परदेशी स्वयंसेवकांचा गट आला की हारतुरे, गाणी आणि निरोपाचा फोटो सर्वांच्या लक्षात राहतो. परंतु ज्या घराच्या न्हाणीघरापुढे पहाटे साडेपाचपासून रांग लागते, त्या घराची हकिकत सहसा कोणी लिहून ठेवत नाही. ती लिहिली जावी म्हणून हा धागा काढला आहे. पाळकांची (चर्चच्या धर्मगुरूंची) आणि मिशनऱ्यांची कुटुंबे, दुभाषी, संडेस्कूलचे शिक्षक, शेजारी, ज्यांचा अशा गटाशी संबंध आला त्या सर्वांनी लिहावे. पाहुण्यांची, मंडळीची (म्हणजे चर्चची) वा संस्थेची नावे घालू नयेत आणि 'फार आशीर्वादित झालो' एवढ्यावर थांबू नये, या माझ्या दोन विनंत्या आहेत.

पुण्याला हा विषय नवा नाही. १८९० मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पंचहौद मिशनमधल्या चहापानावरून येथे ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) झाले आणि रानडे-टिळकांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. त्या वेळी यजमान मिशनरी होते आणि पाहुणे पुणेकर. आता बहुधा उलट असते. त्या काळचा मिशनरी आगबोटीने येई, मराठी शिके आणि पुष्कळदा इथल्याच मातीत विसावे. दहा दिवसांसाठी आलेल्या माणसाला भाषा येत नाही, बाजार कळत नाही आणि पाणी मानवत नाही. त्यामुळे या तिन्हींची जबाबदारी ज्याच्या घरी तो उतरतो त्याच्यावर येते.

घोरपडी, पाळकांची मुलगी

१९९७ च्या जानेवारीत अमेरिकेहून चौदा जण आले तेव्हा मी नववीत होते. त्याआधी पंधरा दिवस एक पत्र आले होते आणि त्यात लिहिले होते की, गटातील एका मुलाला शेंगदाणा अजिबात चालत नाही, चुकून पोटात गेला तर जीव जाऊ शकतो, आणि म्हणून तो मांडीत टोचायचे इंजेक्शन कायम जवळ बाळगतो. आई ते पत्र हातात घेऊन बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. आमच्या घरी दाण्याच्या कुटावाचून एक दिवस जात नसे. कोशिंबिरीत कूट, वांग्यात कूट, पालेभाजीत भिजवलेले दाणे, आणि तेलही शेंगदाण्याचेच.

आईने कुटाचा डबा आजीकडे नाना पेठेत पाठवला, तेलाचा डबा बदलून सूर्यफुलाचे तेल आणले, मिक्सरचे नवे भांडे घेतले आणि लोखंडी तवा राखेने तीनदा घासून घेतला. रविवारी उपासनेनंतर पप्पांनी जाहीर सूचना दिली की, पाहुण्यांसाठी कोणीही घरून लाडू अथवा चिक्की आणू नये. तरीही स्त्रियांच्या सभेतील एका मावशींनी पातेलेभर भरली वांगी आणली. आईने ते पातेले घरात न घेता बाहेरच्या ओट्यावर ठेवले. मावशी त्यानंतर ईस्टरपर्यंत आमच्याशी बोलल्या नाहीत.

त्या मुलाला यातले काहीच ठाऊक नव्हते. निरोपाच्या सभेत साक्ष देताना, म्हणजे आपला अनुभव सांगताना, तो म्हणाला की, भारतातील जेवणाबद्दल बरेच ऐकले होते, प्रत्यक्षात मात्र ते त्याला जरा सपक वाटले. दुभाष्याने हे वाक्य अगदी जसेच्या तसे मराठीत सांगितले. सर्वांत आधी आई हसली.

वडगाव शेरी, दुभाषी

घोरपडीच्या ताईंचा दुभाषी माझ्यापेक्षा प्रामाणिक होता असे म्हणावे लागेल. मी सहा गटांसाठी दुभाष्याचे काम केले आणि एक वाक्य जाणूनबुजून गाळले. एका वस्तीतील संडेस्कूलमध्ये एक तरुण पाहुणी फार मायेने बोलत होती. बोलता बोलता तिने म्हटले की, या मुलांकडे काहीही नाही आणि तरीही ती किती आनंदी आहेत. पहिल्या रांगेत माझी भाची बसली होती. तिच्या अंगावर नाताळला घेतलेला फ्रॉक होता, आणि आपल्याकडे काय काय आहे याची तिची स्वतःची यादी बरीच मोठी होती. मी मराठीत एवढेच सांगितले की, ताईंना तुम्ही सगळे खूप आवडलात.

सायंकाळी मी त्या पाहुणीला हे सांगितले. तिने वाद घातला नाही; उरलेल्या चार दिवसांत ती मुलांसमोर बोलण्यापूर्वी प्रत्येक वेळी आपले वाक्य आधी मला ऐकवू लागली. तिच्याबद्दल माझ्या मनात त्या दिवसापासून आदर आहे.

खडकी, रंगारी

मी रंगारी आहे आणि आमच्या मंडळीचा सभासदही आहे. जुलैमध्ये गट आला आणि पाच दिवसांत सभागृह रंगवायचे ठरले. भिंत ओली आहे, ती वाळू द्यावी, खरवडून लांबी (पुट्टी) भरावी आणि मगच रंग लावावा, असे मी सांगितले होते. एवढा वेळ कोणालाच नव्हता. गणपतीच्या सुमारास रंगाला फुगे आले आणि दिवाळीनंतर ते काम मीच पुन्हा केले. त्याची मजुरी मला मिळाली, हे मात्र सांगितले पाहिजे.

नाकुरू, केनिया (माहेर वानवडी)

वरच्या सर्व हकिकती वाचून मला संकोच वाटतो आहे, कारण आमच्या घरी आलेला गट पुण्याचाच होता. माझे पती केनियात एका बायबल शाळेत शिकवतात. २०१८ च्या मे महिन्यात आमच्या पुण्यातील मंडळीतून नऊ जण आले. मे म्हणजे सुट्टी, हा हिशेब पुण्याचा आहे. केनियात मार्च ते मे हा लांब पावसाचा काळ असतो, आणि एप्रिलमधली सुट्टी संपून शाळाही भरलेल्या असतात. गटाने मुलांच्या सुट्टीतील शिबिरासाठी दोन बॅगा भरून चित्रे, गोंद आणि रंगीत कागद आणले होते. सकाळी नऊ वाजता शिकवायला एकही मूल नव्हते. मी हे पत्राने कळवले होते, पण तिकिटे त्याआधीच काढून झाली होती.

दुसरी फजिती विमानतळावर झाली. केनियात २०१७ च्या ऑगस्टपासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, आणि आपला मराठी माणूस चिवडा, मेतकूट, लोणचे, चपला यांतली प्रत्येक वस्तू वेगळ्या कॅरीबॅगेत बांधून नेतो. सर्व पिशव्या तिथेच काढून टाकाव्या लागल्या. लोणच्याची बरणी एका काकांच्या बंडीत गुंडाळून घरी पोहोचली. ती बंडी मी चारदा धुतली, तरी हळदीचा डाग गेला नाही.

पाहुण्यांना साडेपाचला चहा लागत असे, भात दोन्ही वेळा लागत असे, आणि उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) पाहताच त्यांचे चेहरे पडत. लहानपणी आमच्या घरी उतरलेले परदेशी पाहुणे आमच्या भाकरीकडे जसे पाहत, अगदी तसेच हे पाहत होते. बाजारात मात्र ती मंडळी खुलली. स्वाहिलीत दुकानाला दुका, पैशाला पेसा, विम्याला बिमा आणि चपातीला चपातीच म्हणतात, हे कळल्यावर काकांनी पाटी वाचण्याचा सपाटाच लावला.

त्याच आठवड्यात, ९ मेच्या रात्री, नाकुरूजवळच्या सोलाई येथे धरण फुटले आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. आमच्या गटातील तरुणांना तत्काळ तिकडे जायचे होते. इथल्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्या बाईंनी शांतपणे नकार दिला. रस्ता चिखलाने भरला आहे, तुम्हाला भाषा येत नाही, तुम्हाला सांभाळायला आमची दोन माणसे अडकतील, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी नऊ जणांना सभागृहात बसवले आणि लोकांनी आणून दिलेले कपडे वेगळे करायला लावले. पुरुषांचे, बायकांचे, मुलांचे, आणि चौथा ढीग फाटक्यांचा. तीन दिवस आमच्या माणसांनी तेच केले. घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे, पिठाची पोती टेम्पोत चढवायची. कोणीही फोटो काढला नाही, कारण बाईंनी फोन टोपलीत ठेवून घेतले होते. पुण्यात परतल्यावर गटाने जो अहवाल वाचला त्यात शिबिराला अर्धे पान होते आणि या तीन दिवसांना एक ओळ. मला ते खटकले आणि मी तसे कळवलेही.

कॅम्प, मंडळीचे माजी खजिनदार

भावना बाजूला ठेवून व्यवहाराचे लिहितो. परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला फॉर्म भरून कळवावी लागते (आमच्या वेळी त्याला सी-फॉर्म म्हणत), आणि हे काम हॉटेलाप्रमाणेच घरमालकाचेही आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्याने धर्मोपदेश करू नये, त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. म्हणून आमच्याकडे पाहुणे उपासनेला बसत, उपदेश मात्र पाळकसाहेबच करत.

शेवटच्या दिवशी टेबलावर पाकीट ठेवून जाण्याची पाहुण्यांना हौस असते. संस्थेसाठी परदेशी व्यक्तीने दिलेले पैसे, ते रुपयांत असले तरी, विदेशी देणगीच ठरतात. त्यासाठी विदेशी देणगीच्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी लागते आणि २०२१ च्या एप्रिलपासून असे पैसे प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात. हे समजावताना एकदा एका वृद्ध पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आले. आपला हात झिडकारला असे त्यांना वाटले. मी त्यांना चहा दिला, पाकीट त्यांच्या कोटाच्या खिशात परत घातले आणि रिक्षात बसवून दिले. मला आजही ते बरे वाटत नाही, पण पुन्हा प्रसंग आला तर मी तेच करीन.

बिबवेवाडी, पाळकांची पत्नी

आमच्या साहेबांना जाऊन चार वर्षे झाली. पाहुण्यांच्या वेळी करून घेतलेल्या कापसाच्या बारा गाद्या माझ्या माळ्यावर आहेत. दर मे महिन्यात मी त्या गच्चीवर उन्हात टाकते आणि सूनबाई दर वर्षी विचारते की, आई, या कोणासाठी. कोणाकडे गट येणार असेल तर त्यांनी खुशाल घेऊन जाव्यात. पिंजून घेतलेल्या आहेत, अभ्रे स्वच्छ आहेत. येताना टेम्पो आणि दोन धडधाकट माणसे आणावीत, कारण आमचा जिना अरुंद आहे.