भुसावळ-जळगाव रोजची गाडी, १८ इंची रिम: परफॉर्मन्स टायर कोणते घ्यावेत?

भुसावळकर_टीडीआय

नमस्कार मंडळी. ऑक्टाविया डिझेल, २०१५चं मॉडेल, सेकंड हँड घेतली. इंजिन, गिअरबॉक्स ओके आहे, तक्रार नाही. पण आधीच्या मालकाने हौसेने १८ इंची अलॉय टाकलेत, टायर २२५/४० आर१८ (रुंदी २२५ मिमी, बाजूची भिंत त्याच्या ४० टक्के, रिम १८ इंच). कंपनीचे मूळ २०५/५५ आर१६ होते, ते रिमसकट विकून मोकळा झाला. आता चारही टायरची नक्षी झिजून इंडिकेटरला, म्हणजे झिजेच्या खुणेला टेकली आहे आणि डाव्या मागच्याला बाजूने फुगा आलाय, हात फिरवला की लागतो.

रनिंग असं: रोज भुसावळहून जळगाव एमआयडीसी, नशिराबादवरून हायवेने. आठवड्यातून एकदा यावलकडे शेतावर. अधूनमधून चाळीसगाव-कन्नड घाटाने संभाजीनगर. गाडी थोडी दाबून चालवायची सवय आहे, लपवत नाही. त्यामुळे टायर ग्रिपवालेच हवेत. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४, काँटिनेंटल मॅक्सकाँटॅक्ट एमसी६ आणि व्रेडेस्टाइन अल्ट्राक व्होर्टी ही तीन नावं डोक्यात आहेत. कोणते घेऊ?

धुळ्याना_भाऊ

इतला पैसा कसाले घालस भो? फुगावाला टायर पह्यले काढ, मंग बाकीनं बोलूत.

बाकीच्यांसाठी मराठीत: फुगा आला म्हणजे आतले धागे तुटलेत. त्या जागी आता नुसतं रबर हवा धरून आहे. त्या टायरवर हायवेला ८० च्या वर जाऊ नका वगैरे सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. तो टायर आजच उतरवा आणि स्टेपनी लावा. १६ ची स्टेपनी असेल तर व्यास जवळपास सारखाच आहे, थोडे दिवस सांभाळून चालेल.

तापीकाठ

भुसावळकर दादा, तुम्ही टायर विचारताय, पण माझ्या मते तुमचा प्रश्न रिमचा आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण या भागात १७ आणि १८ मध्ये फरक पडतो आणि शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही.

आधी गणित. २०५/५५ आर१६ ची बाजूची भिंत ११३ मिमी. २२५/४५ आर१७ ची १०१. तुमच्या २२५/४० आर१८ ची ९०. तिन्हींचा बाहेरचा व्यास ६३२ ते ६३७ मिमीच्या आत येतो, म्हणून स्पीडोमीटर फसत नाही आणि चाक आत घासत नाही. पण खड्डा खाणारं रबर १८ ला सव्वादोन सेंटिमीटरने कमी झालं. यावल-फैजपूर-सावदा पट्ट्यात केळीच्या ट्रकांनी डांबराच्या कडा मोडलेल्या असतात. समोरून ट्रक आला आणि तुम्ही डावं चाक खाली उतरवलं की ती कडा सरळ भिंतीवर बसते. तुमचा फुगा डाव्याच बाजूला आहे, बघा.

दुसरी गोष्ट लोड इंडेक्सची, ही फार कमी लोक बघतात. तुमच्या मूळ टायरवर ९१ असतो, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. २२५/४० आर१८ दोन प्रकारात मिळतो: साधा ८८ (५६० किलो) आणि एक्स्ट्रा लोड म्हणजे एक्सएल ९२ (६३० किलो). दुकानदार ८८ पुढे करत असेल तर हात जोडा. आणि ९२ घेतलात तरी मेख आहे. एक्सएल टायर ते ६३० किलो ४२ पीएसआयला उचलतो. तुम्ही ३६ ला भरलात तर त्याची ताकद परत ५६० च्या आसपास येते. गाडीचं वजन तेवढ्यातही उचललं जाईल, पण दणक्यासाठी शिल्लक काही राहत नाही. म्हणून १८ वर एक्सएल असेल तर दरवाजाजवळच्या हवेच्या लेबलपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त ठेवावे लागतात. आणि तेवढी हवा ठेवली की गाडी प्रत्येक ब्रेकरवर तुमची कंबर मोजते.

२२५/४५ आर१७ साध्या प्रकारातच ९१ चा मिळतो. म्हणजे मूळ टायरएवढी ताकद, हवा लेबलप्रमाणे, रुंदी २२५ चीच, आणि १०१ मिमी भिंत. या गाडीला १७ ही कंपनीच्याच विचारातली साइज आहे. १८ विका, १७ घ्या, आणि मग त्यावर तुमच्या यादीतला कोणताही टायर टाका. तिन्हींत वाईट कोणी नाही.

जेट्टा_चाळीसगाव

तापीकाठ, तुमचं गणित मान्य, निष्कर्ष नाही. मी १८ वरच फिरतो, त्याच कन्नड घाटातून. तरसोदच्या पुढे चिखलीपर्यंत चौपदरी झाल्यापासून भुसावळ-जळगाव हा रस्ता तर लोणी आहे. माणसाचं नव्वद टक्के रनिंग चांगल्या रस्त्यावर असेल तर त्याने दहा टक्क्यांसाठी रिम का बदलायचे? शेतावर जायला मोटारसायकल आहे की.

दादा, १८ वर राहायचं तर पायलट स्पोर्ट ४, ९२ वाय (वाय हे वेगाचं रेटिंग) एक्सएल. मी एमसी६ पण वापरला आहे. एमसी६ ला स्टिअरिंग जास्त तिखट, कोरड्या रस्त्यावर वळणात मजा येते, पण राइड कडक. पीएस४ ओल्या रस्त्यावर भरवशाचा आणि भिंत जरा मऊ. घाटात पावसात उतरताना मला पीएस४ बरा वाटतो. व्होर्टी मी चालवला नाही.

तापीकाठ

मोटारसायकलवर केळीचं खत नेणार का ते दादांना विचारा.

भुसावळकर_टीडीआय

हाहा, खत नाही, पण आई-बाबा असतात गाडीत. वडिलांची पाठ धरते, म्हणून १७ चा विचार डोक्यात शिरलाय खरा. १७ घेतले तर ग्रिप कमी होईल का? आणि व्होर्टीबद्दल कोणी सांगेल का, तो बाकी दोघांपेक्षा स्वस्त मिळतोय.

टायरवाला_अमळनेर

धंदा टायरचा आहे, पण कोणत्या एका कंपनीचं दुकान नाही, म्हणून मोकळं बोलतो.

ग्रिप रिमच्या इंचाने येत नाही भाऊ. कंपाउंड म्हणजे रबराचं मिश्रण आणि रुंदीने येते, आणि रुंदी तुमची २२५ चीच राहते. १८ ला वळणात पहिल्या क्षणाला गाडी चटकन तोंड वळवते, ते भिंत आखूड असल्यामुळे. तेवढाच फरक. उलट बहुतेक १८ इंची बाहेरचे अलॉय वजनाने जड असतात. ते वजन चाकासोबत वरखाली नाचतं आणि डिझेलही जास्त पितं.

व्होर्टी: व्रेडेस्टाइन मूळ डच. अपोलोने २००९ मध्ये ती कंपनी घेतली आणि २०२१ मध्ये हे टायर भारतात आणले. गिऱ्हाइकांचं मत चांगलं आहे, पैशाच्या मानाने माल खरा. शेवटच्या टोकाला पीएस४ पुढे आहे, पण ते टोक गाठायला जळगाव-भुसावळ दरम्यान जागा नाही आणि गाठूही नका. मोठं कारण वेगळंच: जून २०२० पासून टायर आयात परवान्याशिवाय होत नाही. त्यामुळे बाहेरून येणारे १७-१८ इंची कधी असतात, कधी महिनोन् महिने नसतात. इथे बनणाऱ्या टायरचं तसं नाही. उद्या एक टायर फाटला आणि त्याच पॅटर्नचा दुसरा मिळाला नाही तर जोडीने बदलावे लागतात. एका ॲक्सलवर एकच पॅटर्न पाहिजे, यात तडजोड नाही.

आता तारीख. भिंतीवर डॉट (DOT) लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. पावसाळा चालू असतो, गिऱ्हाईक पटकन चार टायर टाकून घेतं आणि आकडे बघतच नाही. मोठ्या साइजचा माल गोडाऊनला पडून राहतो, म्हणून तुम्ही नक्की बघा. दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर मी स्वतःच्या गाडीला घेणार नाही, किंवा तसा दर पाडून घेईन.

ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा आकडा बघून आयुष्य ठरवू नका. तो ज्याची त्याची कंपनी ठरवते. एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना करायला ठीक, मिशेलिनचा आकडा आणि अपोलोचा आकडा शेजारी ठेवून उपयोग नाही. परफॉर्मन्स टायर लवकर झिजणार हे धरूनच घ्या. स्पीड रेटिंग मूळ टायरपेक्षा खाली नको: व्ही म्हणजे ताशी २४० किमी, डब्ल्यू २७०, वाय ३००. तेवढं कोणी पळवत नाही, पण वरच्या रेटिंगचा टायर उष्णता जास्त सहन करतो, आणि भुसावळच्या मे महिन्यात ते कामाला येतं.

भुसावळकर_टीडीआय

उन्हाचंच विचारणार होतो. पारा ४५ ला गेला की हवा कमी करून चालवा, नाहीतर टायर फुटतो, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. पंपावरचा पोरगा पण दोन पॉइंट काढूनच टाकतो.

टायरवाला_अमळनेर

ते बरोबर उलटं आहे. टायर फुटतो तो कमी हवेने. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने तापते आणि धागे सुटतात. गरम टायरमध्ये प्रेशर वाढलेलं दिसणारच. साधारण साडेपाच अंशाला एक पीएसआय वाढतो, आणि कंपनीने ते धरूनच लेबल छापलंय. पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना बघायचं आणि तेव्हा लेबलचा आकडा भरायचा. दुपारी पंपावर ४० दिसले म्हणून काढलेत तर दुसऱ्या दिवशी सकाळी ३० वर गाडी निघते. स्वतःचं गेज घ्या. पंपावरच्या मीटरवर माझा विश्वास नाही.

एरंडोल_एक्सप्रेस

नायट्रोजन भरा, प्रश्न मिटला.

टायरवाला_अमळनेर

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर भरा. चाकामागे पैसे घेत असतील तर त्या पैशात गेज येतं.

धुळ्याना_भाऊ

पावसाचं राहिलं. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, २०५ पेक्षा २२५ आधी. कायद्याने १.६ मिमी नक्षी चालते, पण पावसात ३ च्या खाली गेली की मी बदलतो. आणि आपल्याकडे नुसतं पाणी नसतं. पेरणीच्या दिवसात ट्रॅक्टर शेतातून निघतो आणि चाकांची काळी माती डांबरावर ओळीने टाकत जातो. वर भुरभुर पाऊस पडला की त्या पट्ट्यावर पायलट स्पोर्ट असो की आणखी काही, गाडी सरकते. पारोळ्याच्या अलीकडे एसयूव्ही आडवी झालेली बघितली आहे. टायर नवेकोरे होते.

कपाशी उपटायच्या दिवसांत पऱ्हाट्यांचे बुडखे रस्त्यावर असतात, त्यांचंही बघा. नक्षीच्या पट्ट्यात घुसला तर मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं ठिगळ) आतून मारून घ्या. भिंतीत घुसला तर टायर गेला. दोरी घालून देतो म्हणणाऱ्याकडे थांबू नका.

जेट्टा_चाळीसगाव

मी अजूनही १८ म्हणतो. पण आई-बाबा मागे बसणार असतील तर जाऊ द्या, हरलो. १७ घ्या.

भुसावळकर_टीडीआय

ठरलं, १७. नाशिकला एकाकडे याच गाडीचे कंपनीचे १७ इंची रिम आहेत, चारचा संच, दर बरा आहे. फोटोत स्वच्छ दिसतात. टायर अल्ट्राक व्होर्टी २२५/४५ आर१७ टाकतो, जळगावात आहेत असं कळलं. रिम बघायला जाताना काय तपासू? १८ विकायचे तर ते टायरसकट विकू का?

तापीकाठ

जुने टायर विकू नका, कोणाच्या तरी गाडीला तो फुगा जाईल. फुगावाला स्वतः कापून भंगारात द्या. रिम तेवढे विका.

नाशिकला: रिमच्या मागे पीसीडी (बोल्टच्या भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५x११२, मधलं भोक ५७.१ आणि ऑफसेट (रिमची बैठक मध्यापासून किती बाजूला) कोरलेला असतो, वाचा. फोटोत फक्त पुढचा चेहरा दिसतो. मार आतल्या कडेला बसलेला असतो, ती बाजू उताणी करून बोट फिरवा. वेल्डिंगची रेघ दिसली तर परत या. सगळ्यात चांगलं म्हणजे जवळच्या बॅलन्सिंगवाल्याकडे चारही रिम टायरशिवाय मशीनवर फिरवून बघा आणि मगच पैसे द्या. विकणारा नाही म्हणाला तर उत्तर मिळालं.

टायरवाला_अमळनेर

दोन गोष्टी माझ्याकडून. व्होर्टीची नक्षी दोन बाजूंना वेगळी असते. भिंतीवर आउटसाइड छापलेलं असतं, ते चारही चाकांना बाहेरून वाचता आलं पाहिजे. दुकानातून निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. घाईत उलटे बसवलेले मी कित्येकदा सरळ केलेत.

आणि बोल्ट. तुमच्या १८ च्या बाहेरच्या अलॉयला शंकूच्या टोकाचे बोल्ट असणार. कंपनीच्या रिमला गोल बुडाचे लागतात. शंकूवाले गोल बैठकीत बसतात, आवळलेही जातात, पण फक्त कडेवर टेकतात आणि चालता चालता सैल होतात. म्हणून नाशिकवाल्याकडे रिमसोबत बोल्ट मागा. नसतील तर जळगावला स्पेअरच्या दुकानातून वीस घ्या, स्टेपनीचे धरायची गरज नाही. आवळताना हवेच्या गनने फक्त टेकवायचे, शेवटचं काम टॉर्क पान्याने, १२० न्यूटन मीटर. शे-दीडशे किलोमीटरनंतर परत एकदा पाना लावून बघा.

भुसावळकर_टीडीआय

बोल्टचं कोणीच सांगितलं नव्हतं. आत्ताच एक काढून बघितला, शंकूचाच आहे. नाशिकवाल्याला फोन लावतो.