मदत हवी आहे: जुनी सीडी आणि रीमास्टर यांची तुलना करताना माझं काय चुकतंय?

नमस्कार मंडळी,

एकाच अल्बमच्या दोन सीडी माझ्याकडे आहेत. एक ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची जपानी प्रत, दुसरी अलीकडे आलेली रीमास्टर, म्हणजे त्याच रेकॉर्डिंगवर नव्याने ध्वनिसंस्कार करून काढलेली. अल्बमचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर चर्चा गायिकेवर जाईल आणि मग संपलंच.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रीमास्टरने सरळ बाजी मारली. बास भरदार, शब्द न् शब्द समोर. पण तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत माझा हात आपोआप आवाज कमी करायला जायला लागला. जुनीचं उलटं: ती लावली की आवाज वाढवावासा वाटतो. शेवटी दोन्ही सीडी संगणकावर फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणारा फाइलप्रकार) उतरवल्या आणि मोजल्या. जुनी सरासरी उणे १९.८ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा), नवी उणे ९.६. दहा डेसिबलचा फरक म्हणजे कानाला जवळपास दुप्पट मोठं!

मग नवी १०.२ डेसिबलने खाली आणून परत ऐकलं आणि निकाल फिरला. दुसऱ्या गाण्यात कडवं सुरू होण्याआधी गायिका श्वास घेते. जुनीत तो जेमतेम कळतो, नवीत पुढच्या शब्दाइतकाच मोठा आहे. स्नेअर ड्रमवरची काठी जुनीत 'टक्' वाजते, नवीत 'थप्'. वेव्हफॉर्म उघडून पाहिला तर नवीची वरची टोकं एका रेषेत छाटलेली, नुसती वीट. लिमिटरचा (टोकं दाबून एकूण आवाज वर उचलणाऱ्या यंत्रणेचा) प्रताप, इथपर्यंत समजलं.

अडकले ते पुढे. जुन्या सीडीच्या फाइली संगणकावरून ऐकताना सिंबल्स कानात टोचतात, प्रत्येक 'स' फुसफुसतो. तीच सीडी जुन्या प्लेअरवर लावली की अजिबात टोचत नाही. हेडफोन तोच. सीडी दोनदा उतरवून चेकसमही (फाइल तंतोतंत तीच आहे का ते सांगणारा आकडा) जुळवला, म्हणजे वाचण्यात चूक नाही. मग ही धार येते कुठून? आणि ती जाईपर्यंत माझ्या तुलनेला काही अर्थ आहे का? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

अल्बम कोणता ते सांगा ना.

प्रतिसाद २

ऐंशीच्या दशकाची सुरुवात आणि जपानी प्रत म्हटल्यावर पहिला संशय प्री-एम्फसिसवर. तेव्हाच्या बऱ्याच सीडींवर वरचे स्वर मुद्दाम उचलून भरलेले असत. १० किलोहर्ट्झला साधारण साडेसात डेसिबल, २० किलोहर्ट्झला साडेनऊच्या आसपास. प्लेअरने वाजवताना ते तेवढेच खाली आणायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर वरच्या पट्टीतला डिजिटल गोंगाटही खाली जातो. सीडीवर त्यासाठी एक खूण असते. प्लेअर ती वाचतो आणि गुपचूप काम करतो. सीडी उतरवणारं सॉफ्टवेअर मात्र आकडे जसेच्या तसे उचलतं, उचललेले स्वर खाली आणत नाही. म्हणून तुमचा चेकसम बरोबर आणि आवाज चूक!

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सीडी उतरवण्याच्या प्रोग्रॅममध्ये गाण्यांच्या यादीत प्री-एम्फसिसचा रकाना असतो, तो बघा. तिथे 'नाही' दिसलं तरी लगेच विश्वास ठेवू नका. काही सीडींवर ही खूण सुरुवातीच्या अनुक्रमणिकेत नसते, फक्त गाण्याबरोबर चालणाऱ्या सबकोडमध्ये असते, आणि सगळी सॉफ्टवेअर तिथवर जात नाहीत.

सापडली तर सॉक्स नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये डी-एम्फसिसचा (उचललेले स्वर परत खाली आणणारा) इफेक्ट आहे, तो लावा. फाइल २४ बिटमध्ये काढा, पुन्हा १६ वर आणायची घाई नको. आणि मोजणी नव्याने करा. एलयूएफएसच्या मापात वरच्या स्वरांना जरा जास्त वजन असतं, त्यामुळे तुमचा उणे १९.८ हा आकडाही फुगलेला असणार.

प्रतिसाद ३

वरच्या उत्तराशी सहमत, पण 'जुनं ते सोनं' म्हणून कोणी इथे धाव घेऊ नये म्हणून लिहितो. सुरुवातीच्या कित्येक सीडी मूळ मास्टर टेपवरून झालेल्याच नाहीत. एलपी कापण्यासाठी तयार केलेली नक्कल हाताशी होती, तीच वापरली. खोल बासची मोठी हालचाल खोबणीत मावत नाही, म्हणून अशा नकलेत बास आधीच आवरलेला असू शकतो. तुम्हाला नवीत बास भरदार वाटतोय तो कदाचित टेपवर पहिल्यापासून होता.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू'चं उदाहरण घ्या. रेकॉर्डिंगच्या वेळी एक टेप मशीन किंचित हळू चालत होतं, त्यामुळे एलपीची पहिली बाजू कित्येक वर्षं चढ्या सुरात वाजत राहिली. नव्वदच्या दशकातल्या आवृत्त्यांनी ते सुधारलं. बीटल्सच्या २००९च्या मोनो संचात तर लिमिटिंग लावलंच नाही, त्याच वेळच्या स्टिरिओ संचात थोडं लावलं. तारीख एक, वागणूक दोन. 'रीमास्टर' या शब्दावरून काहीच ठरत नाही.

आणि हो, नवी प्रत रीमिक्स (वाद्यं आणि आवाज यांचे वेगवेगळे ट्रॅक नव्याने मिसळलेली) नाही ना, तेही तपासा. बीटल्सच्याच 'हेल्प!' आणि 'रबर सोल'च्या १९८७च्या स्टिरिओ सीडी त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिनने नव्याने मिक्स केलेल्या होत्या. अशा दोन प्रती शेजारी ठेवल्या तर तुलना मास्टरिंगची राहतच नाही.

प्रतिसाद ४

आवाज अल्बमच्या सरासरीने जुळवलात, तो गाण्यागणिक जुळवा, ०.१-०.२ डेसिबलच्या आत. लिमिटरने हळू गाणी जास्त वर उचललेली असतात, त्यामुळे एकच आकडा सगळीकडे चालत नाही.

मग फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरमध्ये एबीएक्स चाचणी. कोणतं चालू आहे ते न बघता १६ वेळा ओळखायचं. दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा पुरे, तुमचा तो श्वासाचा झकास आहे. दोन्ही तुकडे एकाच क्षणी सुरू होतील असे कापा, नाहीतर कान आवाज सोडून सुरुवात ओळखतो.

एक फाइल उलटी करून दुसरीत मिसळायची आणि काय उरतं ते बघायचं, असं कोणी सुचवलं तर त्यात वेळ घालवू नका. टेप दोनदा वेगवेगळ्या मशीनवर चालवली की वेग केसभर तरी वेगळा पडतो, आणि काही सेकंदांतच नुसता गोंधळ ऐकू येतो. डीआर मीटरचंही (टोकं सरासरी आवाजापेक्षा किती वर जातात ते मोजणारं साधन) तसंच. त्याच मास्टरवरून कापलेल्या एलपीचा आकडा सीडीपेक्षा जास्त येऊ शकतो, कारण खोबणीतून येताना लाटेचा आकार बदलतो आणि छाटलेल्या टोकांवर पुन्हा शिंगं उगवतात. गेलेलं काही परत आलेलं नसतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. (अल्बम नाहीच सांगणार.)

रकान्यात 'नाही' होतं! पण दुसऱ्या प्रोग्रॅमने सबकोड वाचला तर सगळ्याच गाण्यांवर खूण निघाली. डी-एम्फसिस लावल्यावर सिंबल्स शांत झाले, आणि फाइल व प्लेअर यांत आता मला तरी फरक कळत नाही. जुनीचा नवा आकडा उणे २१.१. म्हणजे आधी 'समान' केलेलं सव्वा डेसिबलने असमानच होतं.

नवी प्रत रीमिक्स नाही, माहितीपत्रकात मूळचंच मिक्स म्हटलंय. बासचं म्हणणं पटलं. आवाज नीट जुळवल्यावरही तो नवीतच जास्त आहे आणि मला नवीतलाच आवडतो. स्नेअर मात्र जुनीतला.

एबीएक्सही केली. दुसऱ्या गाण्यातला श्वास १६ पैकी १६. पाचवं गाणं नुसतं गिटार आणि आवाज, आणि त्यात फरक 'स्पष्ट ऐकू येतो' असं मी घरात सगळ्यांना सांगत फिरले होते. तिथे १६ पैकी ९.